सावनेर रोडच्या काकांना, डबेवालीकडून

आदरणीय काका,

सादर नमस्कार.

"नाव टाकू नको बरं, नाही तं दर रविवारी हौशी लोकं आपापले डबे घेऊन दारात उभे राह्यतील," असं तुम्ही बजावलं होतं. (गाडीमागे ओढायच्या राहण्याच्या ट्रेलरला तुम्ही "डबा" म्हणता, म्हणून मी डबेवाली.) म्हणून नाव टाकत नाही, गावही टाकत नाही. सावनेर रोड, एवढंच पुरे. आभाराचं पत्र मात्र सगळ्यांसमोर लिहितेय, कारण दुसरा मार्ग तुम्ही ठेवलाच नाही. मजुरीचे पैसे घेतले नाहीत, आणि संत्रा बर्फीचा डबा आमच्यासमोरच शेजारच्या पोरांत वाटून मोकळे झालात. हे वाचून दाखवायला तुमची नात आहे, तिला फोनवर पाठवलं की झालं.

आधी एक कबुली. त्या दिवशी मला तुमचा भयंकर राग आला होता.

डिसेंबरातला शनिवार. पहाटे सहाला आम्ही त्रिमूर्तीनगरहून निघालो होतो. मी, नवरा, आठवीतला मुलगा आणि सासूबाई. जायचं होतं मध्य प्रदेशातल्या तामियाला, आणि गाडीच्या मागे होता आमचा नवाकोरा ट्रेलर. चौदा फुटी, दोन बिछाने, छोटा ओटा, मागच्या भिंतीला शंभर लिटरची पाण्याची टाकी. दोन वर्षं पैसे साठवून बांधून घेतलेला. पुढे ओढायला आमची चार मीटरच्या आतली डिझेल गाडी. लोक म्हणत होते एवढ्याशा गाडीला हे झेपायचं नाही. मी आठवडाभर आधी कॉलनीत चक्कर मारून पाहिली, पहिल्या गिअरमध्ये गाडी कुरकुरलीसुद्धा नाही. झालं, माझ्या लेखी प्रश्न मिटला. ओढते ना? मग झेपते.

कोराडीच्या चिमण्या मागे पडल्या आणि रस्ता मोकळा झाला. काटा पंच्याहत्तरवर होता. उजवीकडून एक स्लीपर बस गेली. ती शेजारी आली तेव्हा हवेचा एक धक्का बसला, पुढे निघून गेली तेव्हा आत ओढल्यासारखं झालं, आणि मागून कुणीतरी गाडीची शेपटी धरून हलवतंय असं वाटायला लागलं. आरशात ट्रेलर डावीकडे दिसे, मग उजवीकडे, मग पुन्हा डावीकडे, आणि दर वेळी आधीपेक्षा जास्त. मी घाबरून ब्रेक दाबला. तेव्हा तर तो असा उसळला की गाडीचं मागचं अंगच सरकलं. सासूबाईंनी मोठ्याने भीमरूपी सुरू केली. शेवटी हातपायच गळाले म्हणा, ब्रेकवरचा पाय आपोआप सुटला आणि गाडी डुलत डुलत कडेच्या मुरमावर येऊन थांबली. समोर चहाची टपरी आणि टपरीवर तुम्ही.

तुम्ही कप हातात घेऊनच आलात. "कोण चालवून राह्यलं होतं?" मी म्हटलं, मी. मला वाटलं आता बायकांच्या ड्रायव्हिंगवर ऐकावं लागणार. तुम्ही त्याबद्दल चकार शब्द काढला नाहीत. ट्रेलरभोवती एक फेरी मारली, खाली वाकून पाहिलं, नवऱ्याला चाकांखाली दगड लावायला सांगितले, कपलरचा, म्हणजे दांडीच्या टोकाच्या जोडणीचा, खटका काढला आणि ट्रेलरची दांडी गाडीमागच्या लोखंडी गोळ्यावरून एका हाताने उचललीत. साठी ओलांडलेल्या माणसाने, दुसऱ्या हातातला चहा न सांडता.

"हे पाय. हे मले एका हातानं उचलता येते, म्हणजे हे उलाळ आहे."

शब्द मी लहानपणी आजोबांकडे ऐकला होता, पण अर्थ डोक्यातून पार गेला होता. तुम्ही विचारलंत, "बैलगाडी भरताना पाह्यली का कधी? मागं जास्त भरलं का गाडी उलाळ होते, जू वर जाते आन् बैलाचा गळा आवळते. पुढं जास्त भरलं का बैलाची मान मोडते. भरणाऱ्याले दोन्हीच्या मधलं समजलं पाह्यजे. तुमच्या डब्यात कोणी काय कुठं ठेवलं, त्याचा काही हिशेबच नाही."

मला राग आला तो इथे. दोन वर्षं मी इंटरनेटवर वाचत होते. अमेरिकेतले लोक ट्रेलरच्या वजनाच्या दहा ते पंधरा टक्के भार दांडीवर ठेवतात, युरोपात त्याहून कमी चालतो, हे सगळं मला पाठ होतं. आणि टपरीवरचा एक माणूस मला बैलगाडी सांगत होता. दहा-पंधरा टक्के पाठ असूनही मी दांडीखाली काटा एकदाही ठेवला नव्हता, ही गोष्ट तेव्हा रागात लक्षात आली नाही.

"इथून पुढं नका जाऊ. वीसच्या स्पीडनं माह्या वर्कशॉपपर्यंत चला," असं तुम्ही म्हणालात आणि उत्तराची वाट न पाहता मोपेडला किक मारली.

त्यानंतर जे झालं ते आमचा मुलगा आता शाळेत सगळ्यांना सांगत सुटलाय. तुम्ही शेजारच्या संत्र्यावाल्याकडून कॅरेट तोलायचा इलेक्ट्रॉनिक काटा आणलात. सपाट जागा पाहून ट्रेलर उभा केला, चाकांना पुढून-मागून विटा लावल्या, काट्यावर लाकडाचे ठोकळे रचले आणि दांडी बरोबर गाडीच्या गोळ्याच्या उंचीला आणून त्यावर टेकवली. उंची कमी-जास्त झाली तर आकडा खोटा येतो म्हणून तुम्ही दोनदा टेपने मोजलं. काट्यावर आलं १८ किलो. पुढे धर्मकाट्यावर भरल्या टाकीसकट अख्खा ट्रेलर ६४० किलो भरला, म्हणजे दांडीवर शंभराला तीन किलोसुद्धा नाहीत.

मग तुम्ही मुलाला म्हणालात, "जा, टाकीचा नळ सोड." पाणी मागच्या कडुनिंबाच्या आळ्यात जायला लागलं आणि काट्यावरचा आकडा हलला. १९. २३. ३१. ट्रेलरमधून पाणी बाहेर चाललंय आणि काट्यावर वजन वाढतंय! आम्ही चौघं वाकून त्या लाल आकड्यांकडे बघत होतो. ४४, ५२, ६०. शेवटची धार आटली तेव्हा ६८ वर थांबला. मुलगा ओरडला, "आई, तरफ! चाक म्हणजे टेकू!" शाळेच्या पुस्तकातली तरफ त्याला तिथे दिसली. गोळ्यापासून चाकाचा कणा साडेआठ फूट, कण्यापासून टाकी मागे सव्वाचार फूट. अंतर बरोबर निम्मं, म्हणून टाकीतलं शंभर किलो पाणी दांडीवरून पन्नास किलो उचलून धरत होतं. सासूबाई म्हणाल्या, "म्हणजे आपण पाण्यापायी मरत होतो की." तुम्ही म्हणालात, "पाणी तिकडं भेटत नाही का, मावशी?"

त्या क्षणी माझा राग गेला असं लिहायला आवडलं असतं. गेला नाही. कारण लगेच तुम्ही गाडीचं पुस्तक मागितलंत, आणि ते डॅशबोर्डच्या खणात, प्लास्टिकच्या पिशवीत, उघडलेलंसुद्धा नव्हतं. चष्मा लावून तुम्ही नातीकडून तीन आकडे वाचून घेतलेत. ब्रेक असलेला ट्रेलर ९०० किलोपर्यंत. ब्रेक नसलेला ४५० पर्यंत. गोळ्यावर वरून पडणारा दांडीचा भार ७५ किलोपेक्षा जास्त नको. हे आकडे आमच्या गाडीचे. वाचणाऱ्यांनी आपापलं पुस्तक उघडावं, आणि पिशवीतून काढावं आधी. आमच्या ट्रेलरला ब्रेकच नव्हता. बांधून देणारा म्हणाला होता, "हलका आहे मॅडम, गाडीचा ब्रेक पुरतो." टाकी रिकामी करूनही ५४० किलो, म्हणजे नव्वद जास्तच.

"वढते का, हे काय विचारता? वढीन ना. थांबते का ते पाहा. आता सिल्लेवानीचा घाट उतरताना एवढं सगळं तुमच्या चार चाकांच्या ब्रेकवर येईन. डबा इथंच राहू द्या, तुम्ही घरी जा."

नवरा म्हणाला, हळू जाऊ, चाळीसने जाऊ. तुम्ही नुसतीच मान हलवलीत. आयुष्यभर भिलाईचं लोखंड लांब ट्रेलरवर आणणारा माणूस, तुमच्याशी काय वाद घालणार. आम्ही रिकाम्या गाडीने नागपूरला परत आलो. तामियाच्या खोलीचा ॲडव्हान्स बुडाला, आणि मी रस्ताभर बोलले नाही.

बाकीचे दोष तुम्ही दुसऱ्या दिवशी फोनवर सांगितलेत, तेही मोजक्या शब्दांत. साखळी एकच होती आणि ती लोंबत होती. दोन हव्यात, दांडीखालून एकमेकींवर फुलीसारख्या टाकलेल्या, म्हणजे कपलर सुटला तरी दांडी त्या झोळीत पडते, रस्त्यात रुतत नाही. (आमच्या ट्रेलरच्या आत रंग बदलणाऱ्या एलईडी पट्ट्या होत्या. खाली साखळी एक.) मागचा डावा ब्रेकलाइट पेटतच नव्हता. आणि टायर. नवे म्हणून पैसे घेतलेले टायर तुम्ही रॉकेलच्या फडक्याने पुसले तर काळा रंग निघाला, आणि बाजूवर आकडा वाचता आला, १६१४. चौदा सालच्या सोळाव्या आठवड्यातले टायर. ट्रेलर उन्हात उभा राहतो, फिरतो कमी, त्यामुळे टायरची नक्षी शाबूत दिसते आणि रबर आतून चिरत जातं, हे तुम्ही सांगेपर्यंत मला टायर म्हणजे नक्षी एवढंच ठाऊक. नागपूरच्या मे महिन्यात ते कुठेतरी फुटलेच असते.

पुढचे सहा आठवडे आम्ही दर रविवारी तुमच्याकडे. ओव्हररन ब्रेकची कपलिंग मागवली, तिचेच पैसे तेवढे तुम्ही घेतलेत. ती बसवताना मुलाला समजावलं होतंत, गाडी हळू झाली की ट्रेलर मागून ढकलतो, त्या ढकलण्यानेच कपलिंगचा दांडा आत सरकतो आणि केबल ओढून ट्रेलरचे ब्रेक लावतो. जेवढा जोरात ढकलेल तेवढा स्वतःलाच आवळेल. मागे घेतानाही दांडा दबतो, म्हणून रिव्हर्ससाठी त्यात वेगळी सोय पाहून घ्यायची. टाकी उचलून बरोबर कण्यावर आणली. आता ती भरलेली असो की रिकामी, दांडीवर ६८ चे ६८. हे मला अजूनही जादूसारखं वाटतं, मुलगा म्हणतो त्यात काय, टेकूवर बसलेल्याचं वजन सी-सॉला कळत नाही.

गाडीचं मागचं अंग मात्र या ६८ किलोंनी आता बसायला लागलं. तेव्हा तुम्ही केलेली गोष्ट मी आजही दर वेळी करते. ट्रेलर लावण्याआधी पुढच्या मडगार्ड आणि टायरच्या मधे बोटं घालून पाहायची. आमच्याकडे चार बोटं बसतात. जोडल्यावर तिथे पाच बसायला लागली तर पुढचं अंग उचललं गेलंय. म्हणजे स्टिअरिंग हलकं, पुढचे ब्रेक हलके आणि रात्री हेडलाइट समोरच्याच्या डोळ्यांत. गोळ्यावरचा भार गाडीतल्या माणसांच्या आणि सामानाच्या वजनातच धरायचा असतो. डिक्कीतलं पिठाचं पोतं, गॅसची शेगडी, सासूबाईंचा पाटा (हो, पाटा) सगळं बाहेर आलं. शेगडी ट्रेलरच्या कण्यापाशी गेली. पाटा घरी राहिला, त्यावरून दोन दिवस अबोला.

आणि ते रिव्हर्सचे धडे! तुम्ही संत्र्याची रिकामी कॅरेटं मांडून गल्ली केलीत. मी डावीकडे वळवायला गेले की ट्रेलर उजवीकडे. नवऱ्याने तर दोन मिनिटांत दांडी गाडीला काटकोनात आणून ठेवली आणि एक कॅरेट चपटं केलं. लांब ट्रेलर सोपा, आखूड फार चपळ, हातभर फिरवलं की हा वळून बसतो, असं तुम्ही म्हणालात. मग ती युक्ती सांगितलीत, हात स्टिअरिंगच्या तळाशी धर, आणि डब्याचं ढुंगण जिकडे न्यायचं तिकडे हात ने. माफ करा, पण शब्द तुमचेच. त्यानंतर चौथ्या खेपेला मी गल्लीतून सरळ मागे गेले, आणि तुमची नात टाळ्या वाजवायला लागली.

ट्रेलर डावी-उजवीकडे लहरण्याचा धडा त्या मोकळ्या जागेत देता येण्यासारखा नव्हता, म्हणून तुम्ही तो बसवून म्हणून घेतलात, पाढ्यासारखा. डबा लहरला तर काय? ॲक्सिलरेटर सोडायचा. ब्रेक? नाही. स्टिअरिंग? सरळ, घट्ट, त्याच्या मागे मागे फिरवायचं नाही. वेग वाढवून सरळ करू का? "ते टीव्हीवर." गाडी आपोआप मंद होऊ द्यायची, मग कडेला घेऊन पाहायचं की आत काय सरकलं. पहिल्या दिवशी ब्रेकवरचा माझा पाय भीतीने सुटला, त्याने आम्ही वाचलो होतो. हे तुम्ही मला एकदाही बोलून दाखवलं नाहीत, मीच नंतर जुळवलं.

२६ जानेवारीच्या जोडसुट्टीत आम्ही शेवटी गेलो. साठच्या वर काटा नेला नाही. त्याच रस्त्यावर, जवळजवळ त्याच जागी, पुन्हा एक बस गेली. तोच धक्का आला, ट्रेलरने एक झटका दिला, मी पाय उचलला, आणि तो गप्प सरळ झाला. गाडीत कुणाला कळलंही नाही. माझ्या तळहातांना मात्र घाम होता.

सौंसरजवळ जामसावळीच्या हनुमानाला सासूबाईंना थांबायचंच होतं, तिथे मी तुमची "चक्कर" मारली, म्हणजे ट्रेलरभोवती फिरून सगळं तपासलं. नवे टायर चढवल्यानंतरचं पहिलंच लांब अंतर, म्हणून पान्याने सगळे नट पुन्हा आवळले. उजव्या चाकाचा एक खरंच पाव फेरा फिरला. मग हाताची मागची बाजू हबजवळ, म्हणजे चाकाच्या मधल्या भागाजवळ, नेऊन दोन्ही चाकं सारखीच कोमट आहेत ना ते पाहिलं, साखळ्या, प्लग, दिवे. दर्शनाला आलेले एक काका विचारत होते, आत काय विकता? मुलगा म्हणाला, झोप.

सिल्लेवानीचा घाट चढताना दुसरा गिअर लागला, म्हणून परतताना उतरलेही दुसऱ्याच गिअरवर. ज्या गिअरवर चढशील त्याच गिअरवर उतर, हे तुमचं वाक्य मी आरशाखाली चिकटवलं होतं. मागे चार ट्रक, दोन जीप, सगळे हॉर्न देत होते. रुंद जागा आली की कडेला घेऊन मी त्यांना जाऊ दिलं, पुन्हा दुसऱ्या गिअरमध्ये. इंजिन गुरगुरत होतं, ब्रेकला मी मधूनमधूनच पाय लावला. खाली आल्यावर हब हाताला चांगले गरम लागले, ओव्हररनचा ब्रेक उतारभर थोडा थोडा लागून राहतो म्हणून. वीस मिनिटं थांबलो, चहा केला. स्वतःच्या ओट्यावर, काका! तुमची आठवण काढून एक कप जास्तीचा झाला, तो नवऱ्याने प्यायला.

ट्रेलर आता आमच्या सोसायटीच्या आवारात उभा आहे. दांडीवर त्या दिवशी तुम्ही खडूने ६८ लिहिलं होतंत ते परवाच्या अवकाळी पावसाने पुसलं गेलं. मुलाने घरातला लाल ऑइल पेंट घेतला आणि त्याच जागी पुन्हा लिहिलं. खाली लहान अक्षरांत ७५ लिहून त्यावर फुलीही मारली आहे. आकडा जरा तिरका आलाय. येत्या रविवारी दाखवायला आणतो, कॅरेटं मांडून ठेवा, सासूबाईंना एकदा रिव्हर्स घेऊन बघायचंय म्हणतात.

तुमची,
डबेवाली पोरगी
त्रिमूर्तीनगर, नागपूर